भंगारातली मोटर पवनचक्कीसाठी घेताना: आधी फेरे ठरवा, मग मोटर

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे उत्तर चुकीच्या वाटेला जाणार नाही. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, तुमची वस्ती आहे. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. सोलर पॅनेल आहे, पण आषाढ-श्रावणाच्या धुक्यात ते नावालाच असतं. घरात इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. पीव्हीसी पाइप चिरून पाती केली आहेत, टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटर. कराडच्या एका भंगारवाल्याकडे चार मोटरी बघून ठेवल्या आहेत: गाडीच्या रेडिएटर फॅनची १२ व्होल्टची, ट्रेडमिलची १८० व्होल्ट डीसी, अर्ध्या एचपीची सिंगल फेज, आणि ई-स्कूटरचं ६० व्होल्टचं मोटरवालं मागचं चाक. यातली सगळ्यात ताकदीची कोणती आणि बॅटरी १२ व्होल्टची असल्यामुळे १२ व्होल्टचीच मोटर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

कुपवाडला मोटर रिवायंडिंगच्या कामात मला २७ वर्षं झाली. हा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण १२ व्होल्टचीच मोटर पिशवीत घालून आणतो. हिशोब सरळ वाटतो, बॅटरी १२ची तर मोटरही १२ची. पण मोटरच्या पाटीवरचे १२ व्होल्ट हे ती पूर्ण वेगाने फिरते तेव्हाचे असतात. चुंबकाची मोटर बाहेरून फिरवली की ती फेऱ्यांच्या प्रमाणात व्होल्ट देते. निम्मे फेरे, निम्मे व्होल्ट. म्हणून पाटीवर वॅट किंवा एचपी बघण्याआधी एकच गोष्ट काढायची: १०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला शंभर फेऱ्यांना, ही मोटर किती व्होल्ट देईल? आमच्या दुकानात याला आम्ही 'शंभरी' म्हणतो. पाटीवरच्या व्होल्टला पाटीवरच्या आरपीएमने भागा आणि शंभरने गुणा. खरा आकडा यापेक्षा थोडा कमी निघतो, कारण पाटीवरच्या व्होल्टमधले काही वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीच्या, रोधातच खर्च झालेले असतात.

आता दुसरी बाजू, तुमची पाती किती फिरतात. चांगल्या घडवलेल्या तीन पात्यांच्या चक्कीत पात्याचं टोक वाऱ्याच्या साधारण पाचपट वेगाने पळतं. तासाला १८ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे टोक सेकंदाला २५ मीटर. १.२ मीटर व्यासाचा घेर पावणेचार मीटर. तेव्हा मिनिटाला साधारण ४०० फेरे. वारा तासाला १२-१३ किलोमीटरवर उतरला तर लोड नसलेली पाती ३३०च्या आसपास फिरतील. बॅटरीत करंट शिरायला बॅटरीचे १२.७ आणि डायोडमध्ये (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जाणारे ०.७ असे साधारण १३.४ व्होल्ट तर झालेच पाहिजेत. म्हणजे तुम्हाला ३३० फेऱ्यांना साडेतेरा व्होल्ट देणारी मोटर हवी. शंभरी चारच्या आसपास. तुमच्या पात्यांना, तुमच्या बॅटरीला लागणारा आकडा हा आहे. पाती बदलली किंवा बॅटरी २४ व्होल्टची केली की तो बदलेल.

या आकड्यावर चारही मोटरी तपासू.

रेडिएटर फॅनची मोटर १२ व्होल्टला साधारण २५०० फिरते. शंभरी अर्धा व्होल्टसुद्धा नीट नाही. साडेतेरा व्होल्टला २८०० फेरे लागतील, आणि तुमची पाती तेवढी फक्त वादळात फिरतील, तीही तुटण्याच्या बेतात. मी स्वतः हे करून बसलोय. जतकडे एका पाहुण्यांच्या मळ्यावर मी पहिली चक्की उभी केली ती याच मोटरची. चक्की इतकी छान फिरायची की वाटसरू थांबून बघायचे. महिनाभराने गेलो तर बॅटरी पूर्ण उतरलेली, कारण एक दिवससुद्धा तिच्यात करंट गेला नव्हता. त्या माणसाने माझ्या शब्दावर खांब, तारा, सिमेंट असा खर्च केला होता. ते मला अजून लागतं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय. कुणी म्हणेल गिअर किंवा पुली लावून फेरे दहापट वाढवू. तसं केलं तर मोटरचा सगळा अडथळा पात्यांना दहापट जड लागतो आणि मंद वाऱ्यात चक्की सुरूच होत नाही. गाडीचा अल्टरनेटरही याच कारणाने छोट्या चक्कीला चालत नाही: त्याला हजार-दीड हजाराच्या वर फेरे लागतात, शिवाय स्वतःचं फील्ड, म्हणजे आतलं विजेवर चालणारं चुंबक, जागं ठेवायला तो बॅटरीतूनच तीनेक अँपिअर ओढतो. इंजिनाला पट्ट्याने जोडायचा असेल तर मात्र अल्टरनेटरसारखं स्वस्त काही नाही.

अर्ध्या एचपीच्या सिंगल फेज मोटरला हातच लावू नका. तिच्यात चुंबक नसतो. कपॅसिटर लावून तिच्याकडून वीज काढता येते, पण त्यासाठी १५००च्या वर नेमका, न हलणारा वेग लागतो. वारा तसा वागत नाही. मिक्सर, ग्राइंडर, ड्रिलच्या मोटरींनाही चुंबक नसतो, त्याही बाद.

ई-स्कूटरचं चाक ही खरी मजबूत वस्तू आहे आणि ती बघून कुणाचाही हात पुढे जाईल. त्यात आधी हे बघायचं की आत गिअर आहे का. गिअरवाल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या मोटरीत) सायकलच्या फ्रीव्हीलसारखी कळ असते, चाक फिरतं पण मोटर जागची हलत नाही, वीज शून्य. थेट ड्राइव्हचं, म्हणजे बिनगिअरचं, चाक हाताने फिरवलं की टप्प्याटप्प्याने अडखळल्यासारखं लागतं, तेच हवं. असं ६० व्होल्टचं चाक साधारण ६०० फिरतं, म्हणजे शंभरी दहा. इथे लोक उलटी चूक करतात. दहा म्हणजे चारपेक्षा चांगलं असं त्यांना वाटतं. पण १२ व्होल्टच्या बॅटरीला हे चाक १४०-१५० फेऱ्यांनाच चार्ज करू लागतं, आणि एकदा करंट सुरू झाला की बॅटरी त्याला त्याच वेगाला धरून ठेवते. वारा वाढतो, पात्यांना ४०० फिरायचं असतं, मोटर दीडशेच्या पुढे जाऊ देत नाही. मग पाती वारा कापायच्या ऐवजी त्याला नुसती अडवत बसतात आणि ताकद तिथेच मरते. हे चाक २४ व्होल्टच्या बॅटरीला, दोन मीटर व्यासाच्या पात्यांना शोभतं. पण दोन मीटरची चक्की हे पहिल्या खेपेचं काम नव्हे. ती डोक्यावर पडली तर माणूस जगत नाही.

राहिली ट्रेडमिलची. १८० व्होल्ट, पाटीवर ४२०० आरपीएम असेल तर कागदावर शंभरी ४.३. माझ्याकडे अशीच एक आली होती, तिला लेथवर ३०० फेऱ्यांना फिरवली तेव्हा १२.१ व्होल्ट आले, म्हणजे ४.०३. तुम्हाला हवा तोच आकडा. म्हणून तुमच्या चौघींत माझी निवड ही.

पण ती घ्यायच्या आधी दुकानातच तपासा. पाटी खरी असेल आणि आतली मोटर मेलेली असेल, असं नेहमी होतं. सोबत एक साधा मल्टीमीटर न्या. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, दोन्ही वायरी जोडा आणि शाफ्टवरचं जड चाक मुठीत धरून जोरात गरकन फिरवा. सेकंदाला एक फेरा म्हणजे ६० आरपीएम, तेवढ्यालाच सव्वादोन-अडीच व्होल्ट दिसले पाहिजेत. शेजारी पडलेली रेडिएटरची मोटर तशीच फिरवून बघा, पाव व्होल्टच्या आसपास काटा हलेल. दोन्ही आकडे एकापाठोपाठ बघितले की मी वर काय म्हणतोय ते हाताला कळेल. मग ट्रेडमिलच्या दोन वायरी एकमेकींना पिळा आणि परत फिरवा. चाक मधात रुतल्यासारखं जड झालं पाहिजे. जड झालं नाही तर ब्रश (फिरत्या भागाला टेकणारे कार्बनचे तुकडे) टेकत नाहीत किंवा वाइंडिंग तुटलंय. वायरी सुट्या असताना सुद्धा जड लागत असेल तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आतून शॉर्ट आहे किंवा बेअरिंग जाम आहे, दोन्ही बाबतीत ठेवून द्या.

ब्रशच्या टोप्या पेचकसाने काढून कार्बन बाहेर घ्या. नखाएवढाच उरला असेल तर नवा मिळतो, तो मुद्दा नाही. मुद्दा कम्युटेटरचा आहे, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाचा. टॉर्च मारून आत बघा. तांब्याच्या पट्ट्या चहाच्या रंगाच्या, गुळगुळीत असतील तर मोटर नीट वापरलेली आहे. एखाददुसरी पट्टीच काळी जळालेली दिसली तर त्या पट्टीचं कॉइल गेलंय. रिवायंडिंग होतं, पण त्याचा खर्च दुसऱ्या मोटरएवढा येतो, आणि हे मी स्वतः रिवायंडिंगवाला असून सांगतोय.

घरी आणल्यावर लेथवाल्याकडे जा. कुठल्याही गावाच्या लेथवर वेगाची पाटी असते. शाफ्ट चकमध्ये धरा, मोटरचं अंग लाकडाने अडवा, ३००च्या आसपासच्या वेगाला व्होल्ट लिहून घ्या. दुसरं माप वाइंडिंगच्या रोधाचं. ब्रशमुळे मल्टीमीटरचा ओहम आकडा भलताच दाखवतो, म्हणून मी असं करतो: १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब आणि मोटर, तिन्ही एका ओळीत. शाफ्ट पान्याने घट्ट धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाही. मोटरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट भागिले त्यातून जाणारे अँपिअर, हा खरा रोध. त्या माझ्या मोटरला ४.८ व्होल्ट आणि ३.२ अँपिअर आले होते, म्हणजे दीड ओहम.

दीड ओहम जास्त वाटतो आणि ५ अँपिअरला त्यात ३७ वॅट उष्णतेत जातात हे खरं आहे. मोठ्या चक्कीला मी ही मोटर सांगितली नसती. पण तुमच्या छोट्या पात्यांना थोडा रोध उपयोगीच पडतो. वारा वाढला की फेरे वाढायला त्यामुळे मोकळीक मिळते, हबच्या चाकासारखं मानगूट धरलं जात नाही. माझ्या हिशोबाने सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात बॅटरीत दीड अँपिअर, म्हणजे १८-२० वॅट जातील, आणि ८ मीटरला ६० वॅटच्या आसपास. हे पाती नीट घडली आहेत असं धरून. पीव्हीसीची पाती ओबडधोबड असतील तर निम्मं धरा. सडा हजार मीटरच्या वर आहे, तिथली हवा खालच्यापेक्षा दहाएक टक्के विरळ, ते मी यात धरलंय.

वीस वॅट ऐकून नाराज होऊ नका. पश्चिमेचा वारा पावसाळ्यात रात्रंदिवस असतो. वीस वॅट चोवीस तास म्हणजे ४८० वॅटअवर. तुमचे ९ वॅटचे चार बल्ब चार तास आणि दोन-तीन मोबाईल मिळून दोनशेच्या आत येतात. फक्त बल्ब १२ व्होल्ट डीसीचे घ्या आणि थेट बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टर चालू ठेवला तर काहीही न जोडता तो एकटाच १०-१५ वॅट खातो, म्हणजे चक्कीची बहुतेक कमाई त्याच्याच पोटात.

तारेचंही बघा. खांब घरापासून ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार झाली. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेत तेवढ्याला पाव ओहम रोध येतो. ५ अँपिअरला सव्वा व्होल्ट गेले. त्यापेक्षा बारीक तार नको. अंतर शंभर मीटरच्या पुढे असेल तर १२ व्होल्टचा नाद सोडून २४ करा, तेवढ्याच वॅटला करंट निम्मा होतो आणि तारेतलं नुकसान चौथाईवर येतं. मग मात्र शंभरी आठची मोटर शोधावी लागेल.

आता धोका, आणि इथे घाई करू नका. वारा दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते. जूनच्या पहिल्या वादळात चक्की मोडते किंवा मोटर जळते. एका गिऱ्हाईकाची ट्रेडमिल मोटर मी उघडली होती, आतलं वार्निश कोळसा झालेलं आणि एक चुंबक तापून गोंद सुटल्यामुळे आर्मेचरवर चिकटलेला. त्याने काय केलं होतं? सोलरचा चार्ज कंट्रोलर लावला होता. तो बॅटरी भरली की पॅनेलचा जोड तोडतो, पॅनेलला त्याने काही होत नाही. चक्कीचा लोड मात्र एकदम सुटतो, ती मोकाट पळते. तशी पळताना व्होल्ट साठाच्या वर गेले, कंट्रोलर फुटून शॉर्ट झाला, आणि भर वादळात मोटर तशीच शॉर्टवर फिरत राहिली. चक्कीला डंप लोडवाला कंट्रोलर लागतो, जो १४.४ व्होल्टला जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये किंवा हेडलाइटच्या बल्बांत वळवतो आणि चक्कीवरचं ओझं कायम ठेवतो.

याशिवाय चार गोष्टी. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये ३५ अँपिअरचा डायोड, चौकोनी धातूचा ब्रिज (चार डायोड एकत्र असलेला डबा) मिळतो तो पत्र्यावर बसवून चालेल. डायोड नसेल तर वारा पडल्यावर बॅटरीच चक्कीला पंख्यासारखी फिरवते आणि सकाळी रिकामी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. मोटरच्या दोन वायरी शॉर्ट करणारा जाड खटका, ब्रेक म्हणून. तो वारा वाढायच्या आधी टाकायचा, भर वादळात नाही, तेव्हा टाकला तर वाइंडिंगच जळतं. आणि वाऱ्याचा जोर वाढला की आपोआप बाजूला वळणारं शेपूट. शेवटची गोष्ट अवघड आहे, पण तिच्याशिवाय सड्यावर चक्की उभी करू नका. ते जमेपर्यंत ढग भरून आले की खटका टाका आणि दोराने खांब आडवा करा, बिजागरीचा खांब त्यासाठीच बरा.

ट्रेडमिल मोटरचं आणखी एक. शाफ्टवरचं चाक आट्यांनी बसवलेलं असतं, बहुधा उलट्या आट्यांनी. पाती त्याच चाकाला बसवणार असाल तर फिरण्याची दिशा अशी ठेवा की चाक घट्ट होत जाईल. विरुद्ध फिरलं तर एका रात्रीत सुटून पात्यांसकट उडतं. मी तर आडवी पिन मारूनच देतो. आणि ही मोटर बाजूने उघडी असते, सड्याचा पाऊस आडवा येतो. पीव्हीसीच्या मोठ्या पाइपात किंवा तेलाच्या डब्यात तिला बंद करा, खाली पाणी निथळायला भोक ठेवा.

एक प्रश्न मला तुम्हाला उलट विचारायचाय. सड्याच्या कडेला तुमच्याकडे ओढा पडतो का? पावसाळ्यात त्या भागात पाण्याच्या धारा जागोजागी असतात. १० मीटर उंचीवरून पाइपाने सेकंदाला दोन लिटर पाणी आणता आलं तर ती १९६ वॅटची ताकद आहे, निम्मी वाया गेली तरी ९८ वॅट, तेही न थांबता. २० सेंटिमीटरच्या छोट्या चाकावर अशी धार पडली तर ते साधारण ६५०-७०० फिरतं. तिथे सुद्धा हीच ट्रेडमिल मोटर चालेल, आणि वाऱ्याचं वादळाचं संकट नाही. तसा ओढा शंभर मीटरच्या आत असेल तर मी चक्कीच्या आधी तो धरला असता. आणि गावातली पोरं सायकलवर पेडल मारून बॅटरी भरायचा प्रयोग शाळेसाठी करतात, त्यांना मात्र ती रेडिएटरची मोटर द्या. सायकलच्या मागच्या चाकाला ३५ मिलिमीटरचा रोलर टेकवला की मोटर तीन हजारांवर जाते, तिथे तिचे व्होल्ट बरोबर जुळतात. एक धडधाकट माणूस ५०-६० वॅट बराच वेळ देऊ शकतो. चक्कीवर जी निरुपयोगी ठरली तीच मोटर तिथे योग्य, फरक फक्त फेऱ्यांचा.

तेव्हा कराडला गेलात की ट्रेडमिलची मोटर वर सांगितल्याप्रमाणे फिरवून, शॉर्ट करून, कम्युटेटर बघून घ्या. हबचं चाक स्वस्तात मिळालं तर तेही घेऊन ठेवा, पुढे दोन बॅटऱ्या झाल्यावर कामाला येईल. लेथवरचा ३०० फेऱ्यांचा आकडा आणि पान्याने धरून काढलेला रोध, हे दोन आकडे मला कळवा. शंभरी साडेतीनच्या खाली निघाली तर पात्यांचा व्यास मीटरभर करावा लागेल, पाचच्या वर निघाली तर दीड मीटरपर्यंत वाढवता येईल. आकडे आले की मी पात्याची रुंदी आणि पीळ मुळापासून टोकापर्यंत काढून देतो. तोवर केलेल्या पात्यांना भोकं पाडू नका.